उसानं गोळा केलेली माणसं

मॉरिशसचा विमानतळ उसातच आहे. गावाचं नाव प्लेन मान्यां. सामान घेऊन बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो आणि राजधानीपर्यंत पाठ सोडत नाही. माझ्यासारख्या सांगलीकडच्या कुंडलच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे किर्लोस्करवाडी स्टेशनावर उतरून घर गाठेपर्यंत दुसरं काय दिसतं? वेगळे दिसतात ते दगड. इथं फडाच्या मधोमध काळ्या दगडांचे नीट रचलेले ढीग उभे आहेत, काही तर दुमजली घराएवढे. रान उसाखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेला हा दगड. तो टाकायला जागा नव्हती म्हणून शेतातच रचत गेले.

त्या दगडाशी आपली सोयरीक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून लाव्हा उसळून दख्खनचं पठार बनलं असं भूशास्त्रज्ञ मानतात, तोच स्रोत आज शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे, आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आणलं तेही त्यानंच. कुंडलच्या डोंगरावरचा कातळ आणि हा दगड एकाच चुलीवरचा.

माणसं मात्र इथली मूळची अशी कुणीच नाहीत. देश किती मोठा म्हणाल तर रॉड्रिग्ज बेट धरून क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर आणि वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. आमचा सांगली जिल्हा याच्या चौपटीहून मोठा, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २८ लाखांवर होती. म्हणजे सांगलीच्या निम्म्याहून कमी माणसं, पण चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर. आमच्याकडे हाच आकडा सव्वातीनशे. एवढ्याशा जागेत एवढी माणसं कशी आली, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: ऊस. पुढचं सगळं त्या उत्तराचा तपशील आहे.

अरब खलाशांना हे बेट ठाऊक होतं, पोर्तुगीजही येऊन गेले. राहिलं कुणी नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव देऊन गेले. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, एबनीची झाडं तोडली, त्यांच्या काळात डोडो पक्षी नामशेष झाला, आणि १७१० मध्ये कंटाळून ते निघून गेले. जावाहून आणलेला ऊस तेवढा मागे राहिला. मग १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले, पुदुच्चेरीहून तमिळ कारागीर आणले, पोर्ट लुई बंदर बांधून काढलं. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच जमीनदार, त्यांची भाषा, त्यांचे कायदे, सगळं तसंच राहू दिलं. म्हणून आजही इथं सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि भांडण क्रिओल या इथल्या बोलीत.

खरी उलथापालथ १८२५ मध्ये झाली. वेस्ट इंडीजच्या साखरेला इंग्लंडमध्ये जी जकातीची सवलत होती ती मॉरिशसच्या साखरेलाही मिळाली, आणि बेटावर दुसरं पीक घ्यायला कुणी तयार होईना. दहा वर्षांत, १ फेब्रुवारी १८३५ ला, गुलामगिरी कायद्यानं संपली. साठ हजारांहून जास्त गुलाम होते. मालकांना वीस लाख पौंडांच्या वर भरपाई मिळाली, गुलामांना छदाम नाही. सुटलेल्या माणसांना त्याच मळ्यात पुन्हा राबायचं नव्हतं. मळेवाल्यांना हे आधीच कळलेलं असणार, कारण कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन ‘ॲटलस’ जहाज बंदराला लागलं ते २ नोव्हेंबर १८३४ ला, गुलामगिरी संपायच्या तीन महिने आधी. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा. ही माणसं छोटा नागपूरच्या डोंगरांतली आदिवासी होती.

त्यांच्यामागून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय आले. पोर्ट लुईत धक्क्याजवळ ते जिथं उतरत ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. मूळ आवारातला थोडाच भाग उरलाय, रस्त्याखाली बराच गेला. पाण्यापासून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या तेवढ्या शाबूत आहेत. त्याच काळ्या दगडाच्या, मधे झिजलेल्या. आत आल्यावर माणसाला नंबर मिळायचा, वैद्यकीय तपासणी व्हायची, एक-दोन दिवसांत मळ्यावर रवानगी. मी गेलो तेव्हा शाळेची पोरं आली होती. त्यांतल्या चिनी चेहऱ्याच्या, आफ्रिकी चेहऱ्याच्या आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या पोरी एकाच भाषेत दंगा करत होत्या, आणि त्यांच्या बाई त्यांना फ्रेंचमध्ये गप्प बसवत होत्या.

संग्रहालयातली करारांची माहिती वाचताना मी एका जागी थबकलो. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. ‘डबल कट’ म्हणत त्याला. आमच्याकडे यालाच खाडा म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमानं उचल आधीच दिलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि आजारी पडून एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. मळ्यावरच्या मुकादमाला इथं ‘सरदार’ म्हणत, एवढाच फरक. परदेशातल्या गुलामीबद्दल हळहळणाऱ्या आपल्या लोकांनी जानेवारीत पहाटे चारला आमच्याकडच्या एखाद्या फडात उभं राहून पाहावं, असं मला तिथं वाटलं आणि अजूनही वाटतं.

१८६१ येईतो बेटावर तीनांत दोन माणसं भारतीय झाली होती. मुसलमान त्यांतच आले. शिवाय मागाहून कच्छ-सुरतेकडचे व्यापारी आपल्या खर्चानं आले, त्यांनी कापडाची आणि धान्याची दुकानं थाटली आणि राजधानीत जुम्मा मशीद उभी केली. चिनी लोक बहुतेक हाक्का, गावोगाव किराण्याचं दुकान टाकणारे. मशिदीपासून चिनी वस्तीच्या कमानीपर्यंत चालत पाच मिनिटं लागतात, आणि वाटेत धोल पुरीची गाडी असतेच. धोल पुरी म्हणजे आत वाटलेली हरभऱ्याची डाळ भरून लाटलेली पातळ पोळी. गूळ नाही. वर घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी घालून, दोन-दोन एकत्र गुंडाळून कागदात देतात. बँकेतला साहेब आणि गटार साफ करणारा माणूस एका रांगेत उभे राहून खातात, हे इथल्या समाजाबद्दल सांगण्यासारखं. पण रांग संपली की दोघं कुठल्या रकान्यातले, हे दोघांनाही पाठ असतं, हेही सांगायला हवं.

कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं सापडतं की मॉरिशसमध्ये शंभरात अडुसष्ट माणसं भारतीय वंशाची, सत्तावीस क्रिओल म्हणजे गुलामांचे वंशज, तीन चिनी आणि दोन फ्रेंच. हे आकडे घेऊन कुणी जनगणनेचे तक्ते उघडले तर ते तिथं सापडत नाहीत. माणूस कुठल्या समाजाचा हा प्रश्न इथल्या जनगणनेनं शेवटचा विचारला १९७२ मध्ये. पुढे सरकारनं तो रकानाच काढून टाकला. धर्म विचारतात, घरी कोणती भाषा बोलता ते विचारतात, आणि ‘पूर्वजांची भाषा कोणती’ हेही विचारतात. २०११ ला ४८ टक्क्यांवर हिंदू, २६ टक्के कॅथलिक, १७ टक्के मुसलमान निघाले. समाज किती आणि कोण, हे त्यावरून ज्यानं त्यानं अंदाजानं काढायचं.

रकाना काढला म्हणून गरज संपली नाही. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाला मत दिलं होतं. हिंदूंचं राज्य येईल ही भीती त्यामागे होती. जानेवारीत राजधानीत क्रिओल-मुसलमान दंगल पेटली आणि तिच्या धगीतच झेंडा फडकला. त्याच भीतीवर संविधानात एक तोड काढून ठेवली आहे. संसदेत ६२ जण निवडून येतात. शिवाय पडलेल्या उमेदवारांमधून आठ जागांपर्यंत भरता येतात, ज्या समाजाला वाटा कमी मिळाला असेल त्याच्यासाठी. ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात तिला. समाज चारच: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि या तिन्हींत न बसणारे सगळे ते ‘जनरल पॉप्युलेशन’. या चौथ्या रकान्यात मळ्याचा फ्रेंच मालक आणि त्याच्या पणजोबाच्या गुलामाचा पणतू शेजारी-शेजारी बसतात.

आणि वाटा कमी-जास्त हे ठरवायचं कशावरून? १९७२ च्याच आकड्यांवरून. पन्नास वर्षं उलटून गेली, त्या वेळची पाळण्यातली पोरं आजोबा झाली, तरी आठ खुर्च्यांचा हिशेब तिथंच अडकलाय. उमेदवारी अर्जात आपला समाज लिहिला नाही तर अर्ज बाद, असाही नियम होता. काही तरुण उमेदवार त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०१२ मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. नवी मोजणी करा म्हणायला कुठलाच मोठा पक्ष धजत नाही, कारण मोजलं तर कुणाचा आकडा खाली येईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. आपल्याकडे जातीच्या जनगणनेवरून जो घोळ चालला त्याची ही छोटी आवृत्ती म्हणा. इथलं बेट लहान असल्यानं सगळं एका नजरेत दिसतं.

क्रम तर नोटेवरही मोजला जातो. मॉरिशसच्या रुपयावर इंग्रजीखालोखाल तमिळ आणि मग हिंदी असते. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा हिंदी तमिळच्या वर छापली गेली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला: आम्ही फ्रेंचांच्या काळापासून इथं आहोत, तुम्ही मागाहून आलात. सरकारला नोटा परत घ्याव्या लागल्या. मी खिशातली शंभराची नोट काढून पाहिली. तमिळ वर.

आता मराठी. मुंबई बंदरातून एकूण तीसेक हजार मजूर गेले, कलकत्ता आणि मद्रासच्या मानानं थोडे. त्यांतले बहुतेक १८४० ते १८६५ या काळात. हे लोक रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, ठाणे आणि सातारा इकडचे. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. कुंडल तेव्हा औंध संस्थानच्या पंतांकडे होतं, पण कृष्णाकाठची कितीतरी गावं थेट कंपनी सरकारच्या सातारा जिल्ह्यात होती. घाट उतरून चिपळूण, तिथून मुंबई, तिथून शिडाच्या जहाजानं महिनाभर समुद्र. १८६० च्या दशकात मुंबईत गिरण्या आणि रेल्वेची कामं निघाली तशी ही भरती आटली. म्हणजे नंतरच्या पिढ्या मॉरिशसला न जाता गिरणगावात गेल्या. आमच्या भागातल्या बहुतेक घरांना मुंबईची वाट ठाऊक आहे; तिच्या आधीची ही वाट कुणाच्या आठवणीत नाही.

आज मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. वाक्वा, कास्कावेल, ब्लॅक रिव्हरकडची गावं इथं त्यांची वस्ती आहे. वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये पहिला गणपती बसला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि गंमत अशी की ती चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला असते. तमिळांना कावडी, तेलुगूंना उगादी, चिन्यांना नवं वर्ष, तसा मराठी लोकांना गणपती. समाजागणिक एक सुट्टी असा हिशेब आहे, आणि तो कुणी मोडत नाही. मंत्रिमंडळातही एक मराठी, एक तेलुगू असावा हा अलिखित संकेत.

आम्ही गेलो होतो ते गणपतीचेच दिवस. ऊसशेती पाहायला आलेल्या आमच्या गटाला वाक्वातल्या एका घरानं आरतीला बोलावलं. घरातल्या आजी नव्वदीला टेकलेल्या, नऊवारी नव्हे पण पाचवारी ठसठशीत नेसलेल्या. त्या माझ्याशी क्रिओलमध्ये बोलल्या, मी मराठीत बोललो, आणि मधे त्यांची नात उभी. ती प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. इथल्या सरकारी शाळांत मुलाला पूर्वजांची भाषा विषय म्हणून घेता येते, आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीत पदवीही करता येते. “काका, आपण कोठून आलात? प्रवास सुखाचा झाला ना?” तिनं विचारलं. इतकं स्वच्छ मराठी मी कुंडलच्या एसटी स्टँडवर कधी ऐकलं नव्हतं. पण तिचा दहा वर्षांचा मुलगा आईला हाक मारत होता ती क्रिओलमध्ये.

आरती सुरू झाली तेव्हा आजींच्या हातात एक वही होती. निळी रेघी वही, कडेनं तेल लागून पारदर्शक झालेली. समर्थांची गणपतीची आरती तीत रोमन अक्षरांत लिहिलेली होती, आणि तीही फ्रेंच वळणानं: जिथं ‘उ’ हवा तिथं ओ आणि यू ही दोन अक्षरं, ‘श’साठी सीएच. आजींना ती बघायची गरज पडत नव्हती. वही नुसती धरलेली. त्यांचे शब्द कुठेकुठे झिजले होते, चाल मात्र आमच्याकडचीच. आरतीनंतर पोरांनी गोल धरून नाच केला. त्याला ते झाकरी म्हणतात. कोकणात जाखडी पाहिलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही. घाटावरच्यांचं वेगळं असं काही मला दिसलं नाही. रत्नागिरीकर संख्येनं जास्त होते, साताऱ्याचे त्यांच्यात मिसळून गेले असणार. जातीही अशाच मिसळल्या. कुठल्या जातीचे, हे आमच्यापैकी एकानं विचारलंच. नातीच्या नवऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही.

“वी आर मराठी,” तो म्हणाला. मग, आपल्याला पुरतं समजलेलं नाही असं वाटून, पुढे म्हणाला, “नॉट हिंदू. मराठी.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. समोर गणपती, हातात मोदक, आणि हा हिंदू नाही म्हणतोय. नातीनं समजावलं. इथं रोजच्या बोलण्यात हिंदू म्हणजे बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेले, ज्यांच्या घरी भोजपुरी होती ते. त्यांची संख्या मोठी, राज्य बहुतांशी त्यांच्याकडे. तमिळ, तेलुगू आणि मराठी स्वतःला वेगळे मोजतात. जनगणनेत धर्माच्या रकान्यातही कितीकजण ‘मराठी’ असं लिहितात. संविधानाच्या चार रकान्यांत ते हिंदूंतच जातात, पण मंदिर वेगळं, मंडळ वेगळं, सुट्टी वेगळी. १९६० मध्ये मराठी मंडळांचा महासंघ झाला, १९९१ ची जागतिक मराठी परिषद इथं भरली, २०२३ मध्ये मोका इथं शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. महाराष्ट्रातून येणारे पुढारी याकडे मराठीचा झेंडा सातासमुद्रापार म्हणून पाहतात. मला तसं वाटलं नाही. मराठी घरात बोलली जाते म्हणून इथं टिकलेली नाही. २०११ लाच शंभरात शहाऐंशी माणसं घरी क्रिओल बोलत होती आणि एवढी मोठी भोजपुरी पाच टक्क्यांवर आली. मराठी टिकली ती मोजली जाते म्हणून. मोजणारं कुणी आहे तोवर गणपतीला सुट्टी, शाळेत शिक्षिका, मंत्रिमंडळात खुर्ची. त्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एकूण लोकसंख्या मात्र आता वाढायची थांबली आहे. १९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी हे बेट माणसांच्या गर्दीनं बुडेल असं भाकीत केलं होतं. झालं उलटं. २०११ आणि २०२२ या दोन जनगणनांमध्ये आकडा जवळपास तिथंच राहिला. बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. साखर कारखाने एकेकाळी शेकड्यांनी होते, आता तीन उरले आहेत. आम्हाला ऊस दाखवणारा शेतकरी म्हणाला, पोरगा कोयता हातात धरत नाही, कॅनडाला जायचं म्हणतो. त्याच्याकडे कामाला असलेले दोघं बांगलादेशी होते. कपड्यांच्या कारखान्यांत, बेकऱ्यांत, बांधकामावरही तेच, शिवाय नेपाळी, मादागास्करचे आणि आपले भारतीय. करारावर आलेले, करार संपला की जाणारे. यांना कुठल्याच रकान्यात धरत नाहीत.

वाक्वाच्या त्या घरानं मोकाच्या संस्थेतल्या दप्तरातून आपल्या मूळपुरुषाचा उतारा काढून आणला होता. हल्ली बरेच जण काढतात. भारत सरकार गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या, वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड देतं, आणि २०२४ मध्ये ती सवलत सातव्या पिढीपर्यंत वाढवली. उताऱ्यात नंबर, जहाज, वय, उंची, बापाचं नाव. हे बापाचं नावच पुढे आडनाव झालं. इथं मराठी घरांची आडनावं म्हणून सखाराम, धोंडू, गोपाळ अशी नावं फ्रेंच स्पेलिंगात भेटतात. खाली जिल्हा: सातारा. गाव: कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलेलं, पण वाचलं तर वडगावच.

नातीचा नवरा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी त्याला सांगितलं, कऱ्हाडजवळ वडगाव हवेली आहे, खटाव तालुक्यात जयराम स्वामींचं वडगाव आहे, आणखीही असतील. जुन्या सातारा जिल्ह्यात आजचा निम्मा सांगलीही येतो. त्यानं दोन्ही नावं फोनमध्ये लिहून घेतली आणि मोदकाची ताटली माझ्याकडे सरकवत विचारलं, दोन्ही गावं एका दिवसात होतील का. मी म्हटलं, गाडी आपली असेल तर होतील; पण कारखाने सुरू असताना येऊ नका, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकून पडाल.